पादचारी, सायकलस्वार व मोटारसायकलस्वार : रस्त्यावरील धोके व हक्क

पायी चालणारे, सायकल चालविणारे आणि यांत्रिक दुचाकीवरून जाणारे या तिन्ही वर्गांचे समान लक्षण म्हणजे त्यांच्या शरीराभोवती वाहनाचे कवच नसते. टक्कर झाली असता आघाताची ऊर्जा थेट त्यांच्या शरीरावर येते. म्हणून वाहतूकशास्त्रात त्यांना ‘असुरक्षित रस्ता-वापरकर्ते’ असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सु. ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवरील अपघातांत मृत्यू पावली. त्यांपैकी २३ टक्के पादचारी, २१ टक्के यांत्रिक दुचाकी व तीनचाकी वाहनांवरील आणि ६ टक्के सायकलस्वार होते. भारतात हे प्रमाण अधिक विषम आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांत यांत्रिक दुचाकीवरील ४४.५ टक्के, पादचारी १९.५ टक्के व सायकलस्वार २.९ टक्के होते. म्हणजे दर तीन मृतांपैकी सुमारे दोघे या वर्गांतील होते.

या अपघातांचा इतिहास वाहनांच्या प्रगतीशी जोडून सांगण्याची प्रथा आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक कायदेशीर व नैतिक प्रश्न आहे. रस्ता सर्वांचा असेल, तर सावधगिरीचे ओझे कोणी वाहावयाचे, ज्याच्यापासून इजा संभवते त्याने की ज्याला ती होणार त्याने? निरनिराळ्या काळांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

प्राचीन काळ : वाटेवर कोणी कोणास वाट द्यावी, हा प्रश्न मोटारगाडीहून फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा व स्त्री यांना वाट द्यावी, असे सांगितले आहे. मात्र त्याच यादीत चाकाच्या वाहनातून जाणारा, स्नातक, राजा व नवरदेव यांचाही समावेश आहे. याचा अर्थ दुर्बलाचा मान आणि प्रतिष्ठिताचा मान हे दोन्ही एकाच नियमात आले होते. आठव्या अध्यायात वाहनामुळे होणाऱ्या इजेचा विचार आहे. जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, वेसण वा लगाम तुटणे अशा प्रसंगी हाकणाऱ्यास दोष नाही, असे तेथे म्हटले आहे. ‘बाजूला हो’ अशी आरोळी दिल्यानंतर इजा झाली, तरीही दंड नाही. उलट हाकणाऱ्याच्या अकौशल्यामुळे वाहन भलतीकडे जाऊन इजा झाली, तर वाहनाच्या स्वामीस दोनशे पणांचा दंड आणि मनुष्य मेल्यास चोराप्रमाणे अपराध, अशी तरतूद आहे. या नियमांतील दोन सूत्रे आजही ओळखीची वाटतात. अकुशल माणसाच्या हाती वाहन दिल्याबद्दल मालकाची जबाबदारी हे एक, आणि इशारा दिला की वाट मोकळी करण्याचा भार चालणाऱ्यावर, हे दुसरे.

रोमन लोकांनी या प्रश्नाचे उत्तर बांधकामात व वेळापत्रकात शोधले. ज्यूलियस सीझरच्या काळातील कायद्याने रोम शहरात दिवसाच्या बहुतेक वेळात मालाच्या गाड्यांना मनाई केली होती. पाँपेई येथील उत्खननात रस्त्याच्या दुतर्फा उंच पदपथ आणि रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले मोठे दगड आढळतात. त्या दगडांमधील फटींतून गाडीची चाके जात आणि चालणाऱ्याचे पाय कोरडे राहत.

इंग्लिश विधी : भारतातील आधुनिक रस्ते-कायद्याचा पाया इंग्लिश विधीत असल्याने तेथील परंपरा महत्त्वाची आहे. सार्वजनिक मार्गावरून जाण्यायेण्याचा हक्क प्रत्येकास आहे, हे या विधीचे मूलतत्त्व होय. १८३२ च्या एका खटल्यात रस्त्याच्या मधून चालणाऱ्या अपंग इसमास गाडीने धडक दिली होती. रस्ता हा गाड्यांप्रमाणे चालणाऱ्यांचाही आहे आणि अर्धांगवायू झालेल्या माणसाससुद्धा त्यावरून चालण्याचा व गाडीवानाकडून वाजवी काळजीची अपेक्षा करण्याचा हक्क आहे, असे त्यात लॉर्ड डेन्मन यांनी म्हटले. १८३५ च्या महामार्ग अधिनियमाने पदपथावरून गाडी हाकणे हा गुन्हा ठरविला. १८८८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने सायकलीस ‘गाडी’ मानले. त्यामुळे सायकलस्वारावर गाडीवानाची बंधने आली, पण त्याबरोबर रस्त्यावरून जाण्याचा त्याचा हक्कही निर्विवाद झाला.

मोटारगाडीचा उदय : यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांविषयी प्रारंभीचे धोरण कमालीच्या सावधगिरीचे होते. ब्रिटनमधील १८६५ च्या अधिनियमाने अशा वाहनांचा वेग गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात ताशी २ मैल एवढा मर्यादित केला आणि पुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेऊन माणूस चालावा, असे बंधन घातले. या तरतुदीची पुढे पुष्कळ थट्टा झाली. तथापि तिच्यामागील तत्त्व स्पष्ट होते. धोका निर्माण करणाऱ्याने चालणाऱ्याच्या गतीशी जुळवून घ्यावे, असे ते तत्त्व होते. धोका काल्पनिकही नव्हता. १८६९ मध्ये आयर्लंडमधील पार्सन्सटाउन येथे वाफेच्या गाडीवरून पडून तिच्या चाकाखाली सापडल्याने मेरी वॉर्ड या सूक्ष्मदर्शक-अभ्यासक विदुषीचा मृत्यू झाला होता.

१८९६ मध्ये लाल निशाणाचा काळ संपला आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारगाडीखाली सापडून मरण पावली. मोटारीने मृत्यू पावलेली ती ब्रिटनमधील पहिली पादचारी मानली जाते. चौकशीअंती ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. १९०३ च्या कायद्याने मर्यादा ताशी २० मैल केली. ती पाळली जात नाही, म्हणून १९३० च्या अधिनियमाने मोटारींसाठी ती रद्दच केली. त्याच कायद्याने तृतीय पक्षाचा विमा मात्र सक्तीचा केला. १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली आणि त्यांत पादचाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. परिणामी १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा लागू झाली. परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात पादचाऱ्यांच्या ओलांडण्याच्या जागी नारिंगी गोलदिव्यांचे खांब उभारण्यात आले. १९५१ मध्ये काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, ‘झेब्रा’ नावाने ओळखली जाणारी, ओलांडजागा प्रचारात आली आणि तेथे पादचाऱ्यास कायद्याने अग्रहक्क मिळाला. मात्र रस्ता कोठूनही ओलांडण्याची सामाजिक मुभा पट्ट्यांपुरती आकुंचित होण्यासही तेव्हापासून हातभार लागला.

अमेरिकेत हा बदल अधिक उघडपणे झाला. १९२३ मध्ये ओहायओ राज्यातील सिनसिनॅटी येथे मोटारींना ताशी २५ मैलांहून अधिक वेगाने जाऊ न देणारे यंत्र बसविण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर ४२,००० हून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. मोटार-व्यवसायाने या मागणीविरुद्ध मोहीम उघडली व मतदानात ती फेटाळली गेली. यानंतर प्रचाराचा रोख चालणाऱ्यांकडे वळला. वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्यास ‘जेवॉकर’ म्हणजे शहरात वावरण्याची रीत न कळणारा गावंढळ, असे हिणवले जाऊ लागले. लॉस अँजेल्सने १९२५ मध्ये अशा ओलांडण्यास मनाई करणारा नियम केला व तो इतर शहरांना नमुन्यादाखल झाला. एका पिढीच्या आत रस्त्यात खेळणारे मूल ही नेहमीची गोष्ट न राहता पालकांची चूक ठरू लागली. या दृष्टीचा फेरविचार जवळजवळ शंभर वर्षांनी झाला. कॅलिफोर्निया राज्यात २०२३ च्या प्रारंभापासून, टक्कर होण्याचा तात्काळ धोका नसेल तर अशा ओलांडण्याबद्दल पादचाऱ्यास दंड करता येत नाही.

वेग व आघात : हक्कांचा विचार वेगाच्या भौतिकीपासून वेगळा करता येत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या रोधकांचे वाहन ताशी ५० किमी. वेगाने जात असून चालकाला धोका ओळखून रोधक दाबण्यास एक सेकंद लागतो, असे धरले तर त्या सेकंदात वाहन सु. १४ मी. पुढे जाते व थांबेपर्यंत आणखी तितकेच अंतर कापते. ताशी ३० किमी. वेगाचे वाहन मात्र एकूण सु. १३ मीटरांत थांबते. म्हणजे मंद वाहन ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेले असते, त्या ठिकाणी वेगवान वाहनाचा रोधक अद्याप लागलेलाही नसतो. धडकेचा वेग ताशी ५० वरून ६५ किमी. झाल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूचा संभव सु. साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी व सायकलस्वार मोटारींबरोबर मिसळतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किमी.ची मर्यादा सुचविली आहे, ती या गणिताच्या आधारे.

सायकलस्वार : सायकलस्वारांपुढे आरंभापासून एक पेच होता. वेगळा मार्ग मिळाल्यास धोका कमी होतो, पण मुख्य रस्त्यावरील हक्क गमावण्याची भीती असते. १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग उघडण्यात आला, तेव्हा सायकलस्वारांच्या संघटनांनीच त्यास याच कारणाने विरोध केला.

नेदर्लंड्समध्ये हा पेच निराळ्या रीतीने सुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले व सायकलींचे प्रमाण घटले. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती, ‘बालहत्या थांबवा’ या मथळ्याचा लेख लिहिला. त्यातूनच त्या नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटाने तिला अनुकूल वातावरण मिळाले. डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांत झाडे, बाके व वळणे निर्माण करून मोटारींना चालण्याच्या गतीने जाण्यास भाग पाडले. १९७६ मध्ये अशा ‘वसती-अंगणांना’ कायद्याची मान्यता मिळाली. पुढील दशकांत देशभर सायकलमार्गांचे सलग जाळे निर्माण झाले. आज जे सपाट भूमीचे व राष्ट्रीय स्वभावाचे फळ समजले जाते, ते वस्तुतः पालकांच्या आंदोलनाचेही फळ आहे.

मोटारसायकलस्वार : मोटारसायकलस्वाराची स्थिती दुहेरी आहे. मोटारीच्या तुलनेत तो असुरक्षित असतो, पण पादचाऱ्याच्या तुलनेत तोच धोक्याचे कारण असतो. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स (अरबस्तानचे लॉरेन्स) हे दोन सायकलस्वार मुलांना वाचविण्यासाठी वळले असता मोटारसायकलवरून फेकले गेले आणि डोक्याच्या दुखापतीने काही दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे अशा दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या (हेल्मेट) उपयुक्ततेविषयी निबंध प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये व ब्रिटनने १९७३ मध्ये शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढील संशोधनाच्या संकलनावरून शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सु. ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सु. ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले आहे. भारतात शिरस्त्राणाच्या सक्तीस संचारस्वातंत्र्यावरील आक्रमण म्हणून आव्हान देण्यात आले होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात ही सक्ती आहे व पगडी घालणाऱ्या शिखांना तीतून सूट आहे.

नुकसानभरपाईचे तत्त्व : सामान्यतः अपकृत्य विधीनुसार इजा झालेल्यास समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. रस्त्यावर पडलेल्या, बेशुद्ध किंवा मृत माणसाच्या बाजूने असा पुरावा उभा करणे अवघड असते. याउलट गाडीतील माणसे सहसा साक्ष देण्यास शाबूत असतात. हा असमतोल ओळखून जर्मनीने १९०९ मध्येच मोटारधारकावर दोषनिरपेक्ष दायित्व घातले. फ्रान्सच्या १९८५ च्या कायद्यानुसार शारीरिक इजा झालेला पादचारी वा सायकलस्वार सोळा वर्षांहून लहान किंवा सत्तरीहून मोठा असेल, तर त्याच्या स्वतःच्या चुकीमुळे भरपाई नाकारता येत नाही. त्याने हेतुतः इजा ओढवून घेतली असेल, तेवढाच अपवाद आहे. नेदर्लंड्समध्ये चौदा वर्षांखालील मुलास मोटारधारकाकडून सामान्यतः पूर्ण भरपाई मिळते. या दोन्ही देशांत मोटारसायकलस्वारास हे विशेष संरक्षण नाही, कारण तो स्वतः मोटार-वाहनाचा चालक मानला जातो.

भारत : भारतीय दंड संहितेत (१८६०) सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा होता. १८७० मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे कलम तीत घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आल्या आहेत. मोटार वाहनांसाठी १९१४ चा, नंतर १९३९ चा व त्यानंतर १९८८ चा अधिनियम झाला. तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याच्या तरतुदी १९४६ मध्ये अंमलात आल्या. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तथापि दोष सिद्ध करण्याची अट कायम होती व १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १९८२ च्या दुरुस्तीने प्रथमच दोषाचा विचार न करता मृत्यूबद्दल १५,००० व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची सोय झाली. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, ही दोषनिरपेक्ष रक्कम मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये झाली. धडक देऊन पळून गेलेल्या व न सापडलेल्या वाहनाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. सदोष रस्त्याबद्दल अभिकल्पक व कंत्राटदार यांनाही दंड होऊ शकेल, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. अपघाताचा दोष नेहमी दोन व्यक्तींतच शोधण्याच्या प्रथेस तिने छेद दिला.

जखमीस वाचविण्याच्या हक्काची वाटचाल न्यायालयांतून झाली. पोलीस-चौकशीच्या भीतीने रुग्णालये जखमींना परत पाठवीत. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरवर तातडीच्या उपचाराचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. मदत करणाऱ्या वाटसरूस चौकशीच्या जाचापासून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना २०१६ मध्ये न्यायालयाने बंधनकारक केल्या व २०१९ मध्ये त्यांना अधिनियमात स्थान मिळाले. मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले व ते पदपथ अपंगांनाही वापरता यावेत, असे निर्देश दिले.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात पायी चालण्याची परंपरा वारीमुळे एका सार्वजनिक संस्थेच्या रूपाने टिकून आहे. आळंदी व देहू येथून पंढरपूरला जाणारे पालखीमार्ग चौपदरी राष्ट्रीय महामार्ग करण्याच्या कामाचा शुभारंभ नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी रस्त्यालगत चालण्याचा स्वतंत्र मार्ग आहे. चालणारा हा महामार्गाचा हक्कदार आहे, याची अभियांत्रिकी आराखड्यात घेतलेली ही नोंद लक्षणीय आहे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. शहर पसरले, अंतरे वाढली आणि स्कूटर व मोटारसायकल मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली, तशी सायकल मागे पडली. शिरस्त्राणाच्या सक्तीस याच शहरात वेळोवेळी संघटित विरोध झाला. दुसरीकडे, २०१६ मध्ये पुणे महानगरपालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, आणि २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर या दिवशी वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे येथे पहिला ‘स्कायवॉक’ उघडण्यात आला व नंतर महानगरात असे अनेक उन्नत मार्ग झाले. स्थानकाबाहेरील गर्दीतून सुटका करणारे हे मार्ग काही ठिकाणी उपयोगी पडले. तथापि जिने चढणे वृद्धांना, अपंगांना व ओझे असणाऱ्यांना जड जाते. शिवाय रस्ता मोटारींना मोकळा करून चालणाऱ्याने वर जावे, हा त्यामागील विचार जुन्या आरोळीचेच एक रूप होय.

आधुनिक विचार : विसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाकडे पाहण्याची दृष्टी पालटू लागली. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या ‘शून्य मृत्यू’ धोरणाचे गृहीतक असे की, माणसे चुका करणारच. त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, अशी रस्त्याची रचना हवी. ब्रिटनच्या महामार्ग-संहितेत जानेवारी २०२२ मध्ये रस्ता-वापरकर्त्यांची श्रेणी घालण्यात आली. ज्याच्याकडून अधिक इजा संभवते त्याच्यावर अधिक जबाबदारी, असा तिचा नियम आहे. त्यानुसार मालमोटारीच्या चालकाची जबाबदारी सर्वाधिक आहे, मोटारसायकलस्वाराने सायकलस्वारास जपावयाचे आहे आणि सायकलस्वाराने पादचाऱ्यास. स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्यातून पादचाऱ्यासही सूट नाही. ‘बाजूला हो’ म्हटले की हाकणारा निर्दोष, या जुन्या सूत्राच्या नेमके उलट असे हे सूत्र आहे.

भारतात कायद्याचे शब्द याच दिशेने गेले आहेत. चालकांसाठीच्या १९८९ च्या नियमांत, वाहतूक-नियंत्रण नसलेल्या ओलांडजागी पादचाऱ्यास अग्रहक्क दिलेला होता व पदपथावरून वाहन नेण्यास मनाई होती. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मी. व उंची १५० मिमी. पर्यंत असावी, असे सांगितले आहे. एवढ्या रुंदीत दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींजवळून जाऊ शकतात, आणि एवढ्या उंचीवर म्हाताऱ्या माणसालाही आधाराविना पाऊल ठेवता येते. न्यायालयाने मान्य केलेल्या हक्काची प्रत्यक्ष कसोटी या दोन मापांवर लागते. ज्या रस्त्यावर ही मापे पाळली जात नाहीत, तेथे चालणारा वाहनांच्या मार्गात उतरतो, आणि पुढे अपघात झाल्यास रस्त्याच्या मधून चालल्याचा दोषही त्याच्याच माथी येतो.